तारेखालचा दोरा

१२ ऑक्टोबर, पाया लेबार, सिंगापूर

दादा,

ऑगस्टपासून माझ्या एकाही मेसेजला उत्तर नाही. नुसत्या ब्लू टिक. आणि काल अचानक एवढा लांबलचक मेल! वर पहिलीच ओळ, "वल्ली, प्लीज मराठीत लिही, हा इनबॉक्स टूर मॅनेजरपण बघतो." वा रे वा. चोरी इंग्लिशमध्ये केलीस आणि लपवायला मातृभाषा.

ठीक आहे, लिहिते मराठीत. वाचताना तुझी वाट लागेल, लागू दे. रविवारी सकाळी आई बाराखडी घेऊन बसली की तुझं पोट दुखायचं आणि तू टॉयलेटमध्ये जाऊन बसायचास. सापडायचे मी एकटी. आता भोग.

तू विचारलंयस, "फेरीच्या ट्यूनमध्ये तारेचा तो आवाज कसा काढलास?" सॉरी नाही. कशी आहेस नाही. आणि मध्येच कुठेतरी "आपलं मटेरियल" असा शब्द आहे. आपलं? कोणाचं रे आपलं?

कोणी काय केलं ते मीच लिहून काढते, कारण तुझ्या मेलमध्ये ते फारच गोड लिहिलंयस.

वेट स्लेट्स बँडमध्ये तू दुसरा गिटारिस्ट म्हणून लागलास. मग तुमच्या सिंगरच्या, कॅलमच्या घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने त्याला गायला बंदी केली, आणि तुम्ही ठरवलं की आता गिटारचाच अल्बम करायचा. गाणं एकच, तेही कुजबुजल्यासारखं, बाकी सगळं वाजवणं. आयडिया भारी होती, तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी इकडे नाचले होते. एका इंग्लिश बँडचा सिंगर गप्प बसतो आणि त्याच्या जागी तारा बोलतात, ह्याहून भारी काय असणार! सगळ्यांना पटापट चाली हव्या होत्या. तर तू कॅलमला म्हणालास, "माझ्याकडे आहेत."

होत्याच तुझ्याकडे. मी पाठवल्या होत्या ना. घरात गिटार वाजवायची सोय नाही, आईच्या क्लासची मुलं सारेगम करत असतात आणि गिटार दिसली तरी आईचं तोंड उतरतं, म्हणून माझी गिटार मैत्रिणीकडे, अश्लेषाकडे राहते. ऑफिस सुटल्यावर ती घेऊन मी जॅमिंग रूम भाड्याने घ्यायचे, रेकॉर्ड करायचे आणि जगात फक्त एका माणसाला पाठवायचे. "ऐक आणि खरं सांग." तू काय सांगायचास? "नॉट बॅड लाह." त्या नॉट बॅडवर मी आठवडाभर हवेत असायचे. मूर्ख मी.

'व्हॉइस रेस्ट' रिलीज झाला त्या दिवशी लंचला मी खाली फूड कोर्टात बसून हेडफोन लावले. पहिलाच ट्रॅक. बाबा जहाजावर जायला निघाले, त्यांना हार्बरफ्रंटला फेरीबोटीवर सोडून आले आणि त्या संध्याकाळी बांधलेली माझी चाल, 'फेरी'. पुढे आणखी तीन माझ्याच. त्या तू परत वाजवल्यास तरी. पण फेरीचा तो आवाज तुला काढता आला नाही, म्हणून माझंच रेकॉर्डिंग तसंच्या तसं लावलंस! माझी बोटं, दादा. शेवटी मी श्वास सोडते, तो श्वाससुद्धा ठेवलायस. आणि नाव, टी. पेंढारकर. समोर लक्सा होता, खाल्ला नाही. मला लक्सा सोडायला लावणारा तू पहिला माणूस.

आणि आता टूर. तुमचा बँड रेकॉर्ड लावून स्टेजवर खोटं वाजवत नाही, ते तुमचं तत्त्व. छान तत्त्व आहे. म्हणून इंग्लंडभर "मनगट दुखतंय" सांगून तू ती ट्यून टाळलीस. पण १५ नोव्हेंबरला सिंगापूर. तुझं गाव. कॅलम म्हणतोय की सुरुवात तू एकट्याने करायची, फेरीनेच. आणि तुला ती वाजवता येते, पण ती तशी वाजत नाही. साधी गिटार वाजते.

अरेरे.

बरं, शिकवते. बहीण आहे शेवटी. गिटारच्या पोटात मूठभर तांदूळ टाक. बासमती नको, जास्मिन. मग तारा अर्धा सूर खाली घे आणि वाजव. काय होतं ते कळव.

वल्ली


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादा,

तू खरंच तांदूळ टाकलेस?

अश्लेषाला वाचून दाखवला तुझा मेल. ती एमआरटी ट्रेनमध्ये उभी होती, हसता हसता तिच्या हातातून फोन पडला. "आवाज मफल झाला, पण तू म्हणतेस तसा शिमर येत नाहीये, बहुतेक तांदूळ जास्त झाले." बहुतेक! मी तर म्हणणार होते की पुढच्या वेळी डाळ टाक आणि कुकरला लाव.

पण आता नाही हसू येत. काल काय झालं ते सांगते.

खाली फंक्शन रूममध्ये मंडळाचं फराळाचं होतं. आईने घरून स्पीकर आणला. चकल्या मांडायच्या आधी स्पीकर मांडला. सगळ्यांना बसवलं आणि तुझा अल्बम लावला. सुलभाकाकू दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, "संजीवनी, गाणं कधी सुरू होणार गं?"

"अहो, गाणं नाहीचे. वाजवणंच आहे."

"बरं झालं बाई. इंग्लिश गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

सगळे हसले. आई नाही हसली. तिने हात वर केला, क्लासमध्ये करते तसा, आणि म्हणाली, "आता ऐका. ही तार ऐका. जवारी लागलीय तिला! माझ्या तानपुऱ्याची जवारी आहे ही. पोरगा एवढ्या लांब गेला, पण जाताना काय घेऊन गेला बघा." आणि रडायला लागली. आई, दादा. बाबा वादळात अडकले होते तेव्हा न रडलेली आई. काकू तिला पाणी देतायत, मुलं बघतायत, आणि माझी फेरी वाजतेय.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "आणि हिला समोर बसवून शिकवलं. हिने सोडून दिलं."

सुलभाकाकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असतं एकेकाचं," म्हणाल्या.

एकेकाचं!

आईच्या तानपुऱ्याला जवारी कोण लावायचं रे? क्लासच्या आधी, रोज? आठ वर्षांची असल्यापासून मी. तू बिल्डिंगखाली मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये फुटबॉल खेळायचास. घरात आईसोडून हे काम जमतं अशी एकच व्यक्ती आहे, ती समोर चकलीचं ताट धरून उभी आहे, आणि तरी आईला एक सेकंदसुद्धा वाटलं नाही की ही तार हिची असेल. मला नाव नको होतं दादा, खरं सांगते, टी. पेंढारकरचं व्ही. पेंढारकर झालं नसतं तरी मी मेले नसते. पण ते रडणं माझं होतं. ते तू घेतलंस.

तर आता नाटक बंद. तुझं उत्तर तुला मिळालंच असेल. दोरा. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तुमच्या भाषेत ब्रिजवर, तारेखाली सुती दोरा सरकवतात ना, तो. त्याने तार झणझणते, तीच जवारी. मी तोच दोरा गिटारला लावला. त्याआधी ब्रिजची हाडाची पट्टी घासून सपाट केली, ते तुमचा टेक्निशियन करून देईल. दोरा कुठल्याही दुकानात मिळेल. आता लाव.

नाही जमणार. दोरा असतो केसाएवढ्या जागेत. जरा मागे, तार मुकी. जरा पुढे, तार नुसती खरखरते. मधली जागा दिसत नाही, ती ऐकावी लागते, आणि ते यूट्यूबवर नाहीये. मी शिकवणार नाही. व्हिडिओ कॉल करू नकोस, उचलणार नाही.

शिकवू शकेल अशी दुसरी एकच बाई आहे. तिला फोन कर. आणि शिकण्याआधी सांग तिला की ही चाल कोणाची आणि बोटं कोणाची.

आज भाऊबीज आहे. पैसे पाठवलेस ते परत केलेत. मला हीच ओवाळणी हवी.

वल्ली


३ नोव्हेंबर

तन्मय,

हो, दादा नाही लिहिलं. हात वळला नाही.

आज घरी आले तर आई गुणगुणत होती. "अगं, दादाचा फोन होता! तासभर बोललो." मला वाटलं, सांगितलंस. मला वाटलं, आता आई माझ्याकडे बघेल आणि काहीतरी म्हणेल. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, तशीच उभी.

"बिचाऱ्याचं मनगट दुखतंय. जवारी लावायचा हातच विसरला म्हणे. मी म्हटलं, विसरशील कसा, अल्बममध्ये एवढी सुरेख लावलीस. तर म्हणाला, आई, ते तुझ्या आठवणीत आपोआप झालं गं."

आपोआप झालं गं.

मला वाटलं होतं मी तुला कोपऱ्यात गाठलंय. तू कोपऱ्यातूनही दार काढलंस! आणि दार कुठे काढलंस, तर आईच्या काळजात. मानलं तुला.

पण गंमत ऐक. आई मला सांगत होती आणि तिचं तिलाच हसू येत होतं. "अगं वल्ली, त्याने दोऱ्याला गाठ मारली होती. गाठ! कॅमेऱ्यात बघून मला घेरीच आली. म्हटलं, अरे बाळा, दोरा बांधत नाहीत, नुसता सरकवतात, तो काय बैल आहे का? तर म्हणाला, निसटतो म्हणून मग ग्लू लावला."

ग्लू. तू तारेला ग्लू लावलास. पाचवीतली मुलगी हसेल तुला, आईच्या क्लासमधली. मला वाटलं, आता तरी आईच्या डोक्यात उजेड पडेल. ज्याने एकदा जवारी लावलीय तो माणूस जन्मात गाठ मारणार नाही. सायकल येणारा माणूस हँडलवर बसेल का? पण आई म्हणाली, "ताण असेल बिचाऱ्यावर."

आणि मग, "मीच सांगितलं त्याला. तू ये, शोच्या दिवशी मी येऊन लावून देते. कॅलमनेपण बोलावलंय मला. वल्ली, तू चल बरोबर. फराळाचा डबा धरायला कोणीतरी हवं."

तीन वर्षांत आईने माझ्या गिटारला हात लावला नाही. एकदा गिटारची केस दारात राहिली होती तर पायाने बाजूला सरकवली. आणि आता ती हॉलमध्ये जाऊन तुझ्या गिटारला स्वतःच्या हाताने जवारी लावणार. माझी चाल, माझी युक्ती, माझी आई. मला डबा.

येते मी. नक्की येते.

आणि ही शेवटची संधी, ऐकून घे. तू विमानातून उतरशील, घरी येशील, आई औक्षण करेल, जेवायला बसशील. कधीही सांग. तोंडात घास असताना सांगितलंस तरी चालेल. शोच्या आधी सांग. नाही सांगितलंस तर मग मी काय करेन ते तुला आधी कळवणार नाही, तेवढी मूर्ख मी आता राहिलेली नाही.

वल्लरी


१६ नोव्हेंबर

तन्मय,

तू विमानात असशील. उतरलास की वाच. स्टेजवर दिवे डोळ्यांत असतात, तुला खालचं दिसलं नसेल. म्हणून सांगते.

आधी दुपार. साउंडचेकला आई नऊवारी नेसायची बाकी होती, एवढी नटली होती. कॅलम तिला "मिसेस पेंडाकार" म्हणत होता आणि अनारसा खाऊन "ओ माय गॉड" म्हणत होता. माणूस चांगला आहे तो, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आईने पर्समधून दोरा काढला, दाताने तोडला, तुझी गिटार मांडीवर आडवी घेतली. तुमचे चार इंग्लिश लोक भोवती उभे. आईने डोळे मिटले, बोटाने दोरा सरकवत नेला, आणि तार बोलली. अख्खा रिकामा हॉल बोलला. तुमचा ड्रमर मोठ्याने शिवी देऊन हसला, आनंदाने. आणि तू आईच्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "शी टॉट मी एव्हरीथिंग."

मी डबा धरून उभी होते.

मग आई सुलभाकाकूंना आणायला गेली. ड्रेसिंग रूममध्ये तू आणि मी. मी विचारलं, आठवतंय? "सांगतोस की नाही?"

"वल्ली, आज नको ना. शो होऊ दे. आज आई किती खूश आहे बघ."

"ती माझ्यामुळे खूश आहे."

"सो? खूश आहे ना? व्हाय मस्ट यू स्पॉइल इट?" आणि कॅलमने हाक मारली तेव्हा उठून गेलास. जाताना म्हणालास, "गिटारकडे बघ जरा."

बघितलं की. जवळ गेले, तारेखालून दोरा ओढला आणि मुठीत घेतला. हो. मीच. सरकला नव्हता, पडला नव्हता, एसीने काही झालं नव्हतं. मी काढला. एका सेकंदाचं काम. तुझी तार सोडून मी बाकी कशाला हात लावला नाही, तुझ्यापेक्षा माझी शिस्त चांगली.

शो. आई, सुलभाकाकू, मी, तिसरी रांग. तू एकटा आलास, टाळ्या, "हॅलो सिंगापूर, आय'म होम", अजून टाळ्या. तार छेडलीस. साधी टुंग. तू थांबलास. ब्रिजकडे बघितलंस. विंगेत बघितलंस, टेक्निशियनकडे. त्याला काय कळणार? आणि तू तसाच पुढे वाजवायला लागलास.

आणि लोकांना काही फरक पडला नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. मागचा एक मुलगा खूश होऊन "शिओक सिया" म्हणाला. सगळे मोबाइल वर धरून बघतायत. मला वाटलं, हरले. ह्या माणसाला देवसुद्धा काही करू शकत नाही.

मग शेजारी आई पुटपुटली, "दोरा सरकला वाटतं. सरकव. अरे सरकव ना, तन्मय." ती खुर्चीच्या टोकावर आली होती. तिची स्वतःची बोटं हवेत दोरा सरकवत होती. "थांबून नीट कर, लोक थांबतील. दोन मिनिटं थांबतात लोक." तू नाही थांबलास. अर्धी चाल झाली, पाऊण झाली. आणि आईची बोटं हळूहळू थांबली. ती मागे टेकली.

"हा हात लावून बघतसुद्धा नाहीये," ती म्हणाली. मला नाही, स्वतःशी. मग एकदम माझ्याकडे वळून, "मूठ उघड."

मी उघडली. दुपारी तिने स्वतः दाताने तोडलेला दोरा.

सुलभाकाकू टाळ्या वाजवत होत्या. आईने त्या आवाजात मला विचारलं, "का?" तिच्या डोळ्यांत अशी आग होती की मला वाटलं, मारेल. भावावर जळते, एवढंच तिला दिसलं त्या क्षणी.

मी म्हटलं, "मी काढला. पण परत का लावला नाही, ते त्याला विचार."

तू नंतर येऊन मिठी मारलीस तेव्हा तिचे हात खालीच होते. तुला वाटलं, दमली असेल.

सकाळचं तू होतासच, पण ते तू बदलून सांगशील, म्हणून लिहून ठेवते.

पोहे. आईने तुझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली नाही. गिटार ठेवली. वर दोरा ठेवला. "लाव."

"आई, मनगट..."

"माझं मनगट साठीला आलंय. लाव."

तू लावायला लागलास. तार मुकी. खरखर. मुकी. परत खरखर. आई समोर बसून ऐकत होती, क्लासमधल्या नव्या मुलाचं ऐकते तशी, चेहऱ्यावर काही नाही. मी पोहे खात होते. खोबरं, कोथिंबीर, वर लिंबू. आयुष्यात इतके सुंदर पोहे मी खाल्ले नाहीत.

"अल्बममध्ये कोणी लावलाय?" आईने विचारलं.

आणि तू म्हणालास, तेव्हाही तू म्हणालास, "स्टुडिओत एक माणूस होता."

"इंग्लंडमध्ये."

"हो."

"तानपुऱ्याची जवारी लावणारा."

"...हो."

"नाव काय त्याचं?"

तू माझ्याकडे बघितलंस. लहानपणी काच फोडलीस की बघायचास तसं, म्हणजे मी सांगावं की बॉल माझा होता. मी लिंबू पिळलं.

"वल्ली," तू म्हणालास.

"वल्लीने दोरा लावला?"

"वल्लीनेच... सगळं. ट्यूनपण. वाजवलंयपण तिनेच."

मी ह्या क्षणाचं खूप वेळा मनात चित्र काढलं होतं. त्यात आई उठून मला जवळ घ्यायची. तसं काही झालं नाही. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आणि तू मला तीन महिने नाचताना बघत बसलीस?" उठली, खोलीत गेली, दार लावलं.

तुझी टॅक्सी आली तरी ती बाहेर आली नाही. तू दारात बूट घालून उभा, दोनदा "आई, निघतो" म्हणालास. तू एनएसच्या लष्करी ट्रेनिंगला गेलास तेव्हा, युनिव्हर्सिटीला गेलास तेव्हा, दर वेळी ती तुझ्या हातावर दही घालायची. तू सवयीने तळहात पुढे केला होतास. मी बघितलं. मग त्याच हाताने बॅग उचललीस.

फ्रीजमध्ये दही होतं. मला माहिती होतं. मी दिलं नाही.

वल्लरी


२६ नोव्हेंबर

तन्मय,

"आई फोन का उचलत नाही, प्लीज सांग." सकाळपासून हा तुझा तिसरा मेल. सांगते.

तू गेल्यावर दोन दिवस ती स्वयंपाक करायची, ताट ठेवायची, निघून जायची. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर म्हणाली, "येताना गिटार घेऊन ये." तेवढंच.

आणली. क्लासची मुलं गेल्यावर तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "वाजव." फेरी वाजवली. संपल्यावर मला वाटलं, आता रडेल. छे! "मधल्या भागात घाई करतेस," म्हणाली. "आणि अल्बममध्येही केलीयस. मला तेव्हाच खटकलं होतं. म्हटलं, तन्मय असाच, धीर नाही. धीर तुला नाहीये." तासभर तेवढाच तुकडा घोटून घेतला. बोटं सुजली. ह्याआधी इतकी खूश मी कधी होते आठवत नाही.

मग काल तिने कॅलमला मेल केला. तुला ते कळलंच असेल, त्यामुळेच तर फोन करतोयस. ती सांगत होती, मी टाइप करत होते. "डिअर कॅलम, आय अ‍ॅम मदर ऑफ तन्मय. फर्स्ट साँग इज नॉट हिज. थ्री मोर ऑल्सो नॉट. माय डॉटर मेड अँड माय डॉटर प्लेड. आय अ‍ॅम टीचर, आय अ‍ॅम शुअर. यू आर गुड बॉय, ईट ऑन टाइम, टेक केअर ऑफ थ्रोट." इंग्लिश मी मुद्दाम सुधारलं नाही. कॅलमचं उत्तर आलंय. काय आलंय ते तुला तोच सांगेल, किंवा त्याचा वकील.

"भाऊ आहे, चुकला, माफ केलं म्हण," असं काल सुलभाकाकू मला सांगून गेल्या. आई तिथेच होती. मला वाटलं, तीही म्हणेल. ती म्हणाली, "सुलभाताई, चहा घ्या."

मी तर नाहीच करणार, तू वाट बघू नकोस. पण तुला माझ्या माफीचं पडलेलंही नाही, मला माहितीये. तुला आई हवीय. मलाही तीच हवी होती.

हे लिहितेय आणि तुझा फोन आलाय. तिच्या फोनवर तुझ्यासाठी तिने वेगळी रिंगटोन लावून ठेवली होती, अल्बम आला त्याच दिवशी. फेरीची सुरुवात. टेबलावर फोन वाजतोय, स्क्रीनवर तुझा कॉन्व्होकेशनचा फोटो, आणि माझी तार झणझणतेय. मी बंद करायला हात पुढे केला तर आईने माझं मनगट धरलं.

"राहू दे," म्हणाली. "ऐकू दे."

आम्ही दोघी बसून शेवटपर्यंत ऐकली.

आता परत करतोयस. कर.

वल्लरी